नसांची गोळी चांगली, पण चिठ्ठीशिवाय नको

पाय आगआग करतात, मुंग्या येतात, रात्री सुया टोचल्यासारखं होतं. आपल्या वस्त्यांत ही तक्रार घरोघर ऐकू येते. मग शेजारणीला गुण आला म्हणून तीच रिकामी पट्टी दाखवून मेडिकलमधून ‘नसांची गोळी’ आणली जाते. पट्टीवर बहुधा प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन हे नाव असतं. औषध चांगलं आहे, पण ते घेण्याची ही रीत घातक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

नसेच्या टोकाला कॅल्शियम आत घेणारी सूक्ष्म दारं असतात. कॅल्शियम आत गेलं की नस दुखण्याचा निरोप पुढे धाडते. मधुमेहाने किंवा नागिणीने दुखावलेली नस असे निरोप विनाकारण धाडत राहते. ही गोळी त्या दारांच्या एका भागाला चिकटते आणि निरोप कमी होतात. हाडांसाठीच्या कॅल्शियमच्या गोळीशी तिचा काही संबंध नाही.

निरोप थांबला तरी मूळ आजार राहतोच. पायांची आग वाढलेल्या साखरेने होते, दारूने होते, बी-१२ कमी पडल्याने होते. टीबीच्या आयसोनियाझिड गोळीनेही होते. तेव्हा बी-६ द्यावं लागतं. कारण न शोधता नुसती गोळी गिळली, तर आग शमते आणि आजार आत वाढत राहतो.

प्रत्येक दुखण्यावर ती चालतेच असंही नाही. कंबरेतून पायात उतरणाऱ्या सायटिकाच्या २०९ रुग्णांवर ऑस्ट्रेलियात चाचणी झाली. २०१७ साली निकाल आला: प्रीगाबालिन आणि औषध नसलेली गोळी यांत दुखणं कमी होण्यात फरक दिसला नाही, चक्कर मात्र प्रीगाबालिनने जास्त आली.

ही चक्कर आणि गुंगी आपल्या लोकांना महाग पडते. परातीवर, शिडीवर, रिक्षाच्या हँडलवर किंवा गटारात उतरणाऱ्या माणसाला एक झोकांडी पुरते. दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर घेतली तर श्वास मंदावू शकतो. तिची सवयही लागते. म्हणूनच ब्रिटनने एप्रिल २०१९ पासून ही दोन्ही औषधं नियंत्रित यादीत टाकली. आपल्याकडेही प्रीगाबालिन चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, पण काउंटरवर विचारतो कोण?

ही औषधं लघवीवाटे बाहेर पडतात, म्हणून मूत्रपिंड अधू असेल तर डोस कमी लागतो. सुरू असलेली गोळी एकदम बंदही करू नका. झोप उडते, घाम सुटतो, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करा.

डॉक्टरांना तीन प्रश्न विचाराच: माझी नस कशामुळे दुखावली? गोळी किती दिवस? माझ्या कामात ती चालेल का? दोन मिनिटांत चिठ्ठी हातात ठेवून ‘पुढचा’ म्हटलं, तरी उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका. तो आपला हक्क आहे.