वाघांचं तूप, सांबोचं चित्र
हेलन बॅनरमन या स्कॉटिश बाईंनी भारतात राहत असताना आपल्या मुलींसाठी रचलेलं ‘लिटल ब्लॅक सांबो’ १८९९मध्ये लंडनला छापलं गेलं. त्यात झाडाभोवती पळता पळता वाघांचं तूप होतं, ही कल्पना आजही कुठल्याही पोराला खुदकन हसवेल. पण हक्क हातचे गेले, अमेरिकेत ज्यानं त्यानं आपापली चित्रं घालून पुस्तक काढलं आणि नायक सांबो म्हणजे कृष्णवर्णीयांचं बटबटीत विडंबन होऊन बसला. ते नाव तर तिथं आधीपासूनच हिणवायला वापरलं जाई. हे पुस्तक काळ्या मुलाला दुखावतं, असं कवी लँग्स्टन ह्यूजनं १९३२मध्येच बजावलं होतं. माझ्यासाठी हे दुखावणंच निर्णायक आहे. जुनी आवृत्ती छापत राहावी, पण सविस्तर प्रस्तावनेसह आणि मोठ्यांसाठी. ती नाहीशी केली, तर असं काही घडलंच नाही म्हणायला आपण मोकळे. पाच वर्षांच्या मुलाला मात्र फ्रेड मार्सेलिनोच्या चित्रांची १९९६ची आवृत्ती द्यावी. मजकूर जवळजवळ तोच, नायक मात्र बाबाजी, आणि चित्रं भारतातली. त्याच वर्षी ज्युलियस लेस्टर या कृष्णवर्णीय लेखकानं हीच गोष्ट आपल्या ढंगात नव्यानं सांगितली. तीही शेजारी असू द्यावी.