आधी हार्डडिस्क बघा, मग ‘विंडोज मारा’!

“अपडेटला लावला आणि तेव्हापासून लॅपटॉप बिघडला.” नागापूर, बोल्हेगाव, एमआयडीसी, सगळीकडे हे वाक्य ऐकतोय. दुकानातलं उत्तरही ठरलेलं. “विंडोज करप्ट झालीये. नवीन मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा.”

स्पष्टच लिहितो, ही दुरुस्ती नाही. नाडी न बघता ठोकलेलं इंजेक्शन आहे.

अपडेट चालू असताना मशीन हजारो बारीक फाइली वाचतं, तपासतं, नव्याने लिहितं. एरवी महिनोन्महिने ज्या भागाला हात लागत नाही तिथेही हार्डडिस्कची सुई जाते. डिस्कचा तो भाग खराब झालेला असेल तर तीच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न होतो. मग टक्केवारी एका आकड्यावर तासभर अडकते, मशीन रीस्टार्ट होतं आणि केलेले बदल मागे घेतं. दुखणं आधीपासून असतं, अपडेटने फक्त ते उघडं पाडलं. कधी कधी खरोखर अपडेटच बिघडलेलं असतं, नाही असं नाही. पण ते तपासल्याशिवाय कसं कळणार?

आता फॉरमॅटची गंमत बघा. वाचता न येणाऱ्या जागेवर नवीन काही लिहिलं की डिस्क ती जागा बाद करून राखीव जागा वापरते. अडखळणं थांबतं, लॅपटॉप पळायला लागतो, गिऱ्हाईक खूश. ओल आलेल्या भिंतीला चुना मारल्यासारखं. दोन महिन्यांनी पोपडे निघतात. तोवर जुना डेटा गेलेला असतो आणि नवीनही जायच्या मार्गावर असतो.

“डी ड्राइव्हला काही होत नाही,” असाही एक दिलासा मिळतो. अहो, बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये डिस्क एकच असते! सी आणि डी ही एकाच घरातल्या दोन खोल्यांची नावं. घरच बसलं तर कुठली खोली वाचणार?

तपासायला लागतात दोन मिनिटं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर ती वाचून दाखवतं. निळं असेल तर ठीक, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे फाइली काढा आणि डिस्क बदला. ०५, सी५ आणि सी६ या ओळींच्या शेवटच्या रकान्यात शून्याशिवाय काही दिसलं की डेटा आधी बाहेर. चेकडिस्क नंतर. मरायला टेकलेल्या डिस्कला आधी अख्खी तपासणी करायला लावणं म्हणजे छातीत दुखणाऱ्याला डोंगरगण चढायला लावणं. आणि फक्त सी७ वाढत असेल तर दोष बऱ्याचदा डिस्कचा नसतो, केबल किंवा जोडणीचा असतो. म्हणजे तपासणीने गिऱ्हाइकाचे पैसे वाचूही शकतात.

गुगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त हार्डडिस्कचा अभ्यास मांडला होता. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत मरण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट निघाली. त्याच अभ्यासात मेलेल्या डिस्कपैकी एक तृतीयांशाहून जास्त डिस्कनी ‘स्मार्ट’मध्ये कसलाच इशारा दिलेला नव्हता. म्हणून निळं दिसलं तरी बॅकअप हवाच.

इथे कुणाचे फोटो जातात, कुणाचा कॉलेजचा प्रोजेक्ट. एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपवाल्याची जॉबची ड्रॉइंग आणि जीएसटीची बिलं जातात, म्हणजे धंदाच जातो. पाचशे रुपयांच्या फॉरमॅटपायी!

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येतच लिहिलंय की गिऱ्हाइकाला लागणारी माहिती मुद्दाम दडवणं ही त्रुटी आहे. डिस्क लाल दिसतेय हे माहीत असूनही न सांगता विंडोज मारून देणं यात बसतं, असं माझं मत आहे. पण तक्रार करायला हातात बिल पाहिजे, आणि आपण बिल मागतो का? “बिल नको, पन्नास कमी करा,” म्हणणारे आपणच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, लिहून ठेवा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. जुने लॅपटॉप अपडेटसाठी, नवीन विंडोजसाठी दुकानात येणारच. “हा आता भंगार, नवीन घ्या,” हेही ऐकू येणार. कित्येकदा फक्त डिस्क काढून एसएसडी टाकली तर तोच लॅपटॉप आणखी काही वर्षं काम देतो.

दुकानदार मित्रांनो, मागणी छोटी आहे. लॅपटॉप घेताना गिऱ्हाइकासमोर डिस्कची तब्येत उघडा, स्क्रीन दाखवा, बिलावर एक ओळ लिहा. डेटा काढल्याशिवाय फॉरमॅट नाही, अशी पाटी काउंटरवर लावा. तपासणीचे शंभर रुपये वेगळे घ्या, आम्ही देऊ. जे आधीपासून असं करतात त्यांनी मला कळवा, दुकानाचं नाव फुकटात छापतो.