देणे आधी, दान नंतर

उमरीच्या मोंढ्यात सोयाबीन-कापसाची आवक सुरू झाली की मालमोटारींची रांग लागते. भाडे, हमाली, तोलाई यांचा हिशेब व्यापारी पै-पैशापर्यंत लिहितो. मात्र इंधनाचे तेल जेथून निघते, तेथील माणसांनी मोजलेली किंमत कोणाच्याही खतावणीत दिसत नाही.

मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवरील ‘मुंबई हाय’ या सागरी क्षेत्रात 1974 साली तेल सापडले आणि 1976 पासून उत्पादन सुरू झाले. समुद्रतळावरील वाहिन्यांतून तेल व वायू रायगड जिल्ह्यातील उरण येथे येतात. देशाला त्याचा मोठा आधार मिळाला, हे निर्विवाद. परंतु मे 1993 मध्ये वाहिनी फुटून तेल समुद्रात पसरले. 3 सप्टेंबर 2019 रोजी उरणच्या प्रकल्पात आग लागून चौघांनी प्राण गमावले. लाभ देशभर वाटला गेला. धोका मात्र किनाऱ्यावरील गावांच्या व कोळीवाड्यांच्या शेजारीच राहिला.

येथे कायद्यातील एक भेद ध्यानात घ्यावा. चंद्रपूरच्या कोळशासाठी 2015 च्या दुरुस्तीनुसार जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची तरतूद आहे. खाणधारकाला स्वामित्वधनाच्या 10 ते 30 टक्के इतकी रक्कम बाधित गावांसाठी भरावीच लागते. खनिज तेल त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, आणि प्रादेशिक समुद्रापलीकडील तेलाचे स्वामित्वधन केंद्राकडे जाते. उरतो तो कंपनी कायदा, 2013 मधील सामाजिक उत्तरदायित्वाचा दोन टक्के निधी. त्यात स्थानिक परिसराला प्राधान्य सांगितले आहे. पण कोणत्या गावाला किती, हे कंपनीच ठरवते. शाळेची खोली किंवा रुग्णवाहिका मिळाली तर चांगलेच. तरी ते दान ठरते, हक्क ठरत नाही.

व्यापारी घराण्यांना हा फरक नव्याने सांगावा लागत नाही. लोकांचे देणे थकवून मंदिरात बोली बोलणाऱ्याची पत समाजात राहत नाही. दशवैकालिक सूत्रातील भ्रमर फुलाला न दुखवता रस घेतो. तो दृष्टांत साधूंच्या गोचरीसाठी असला, तरी उद्योगालाही शिकवण देतो.

तेल काढणे एकाएकी थांबवता येणार नाही. थांबले तर मोंढ्यातील मालमोटारही थांबेल. म्हणूनच मासेमारीच्या नुकसानीची भरपाई, आरोग्य तपासणी आणि आपत्कालीन व्यवस्था यांची रक्कम नियमाने उत्पादनखर्चात धरावी. ती वजा करून जे उरेल, तोच खरा नफा. त्यातून पुढे दान अवश्य व्हावे.