दोष की चुकलेला नेम?

शोकात्मिकेवर प्रश्न आला की आपले विद्यार्थी नायकाच्या स्वभावातील दोष शोधू लागतात. ईडिपसचा अहंकार, त्याचा उतावीळपणा, त्याचा संताप. अशा उत्तरांना आम्हीही वर्षानुवर्षे गुण देत आलो आहोत. ज्या ग्रीक शब्दावर हा डोलारा उभा आहे, तो 'हमार्तिया' हा शब्द मात्र क्वचितच कोणी उलगडून पाहतो.

'हमार्तानेइन' या क्रियापदापासून तो आला. त्याचा जुना अर्थ नेम चुकणे. 'इलियड'च्या चौथ्या सर्गात प्रियामचा पुत्र अँटिफस एजॅक्सवर भाला फेकतो. भाला एजॅक्सला चुकतो आणि ओडिसिअसचा सोबती ल्यूकस याच्या जांघेत घुसतो. होमरने तेथे हेच क्रियापद योजले आहे. लक्ष्य एक, बळी दुसराच. तिवाठ्यावर ईडिपसने केलेला प्रहार याहून वेगळा होता काय? त्याने मारले एका उद्दाम अनोळखी म्हाताऱ्याला. मेला तो त्याचा बाप.

ॲरिस्टॉटल 'काव्यशास्त्रा'च्या तेराव्या प्रकरणात स्पष्ट सांगतो की नायकाचा पात दुष्टपणामुळे नव्हे, तर कसल्याशा हमार्तियामुळे होतो. तेथेच तो असेही म्हणतो की करुणा वाटते ती वाट्याला यायला नको होते असे दुःख भोगणाऱ्याविषयी. नायकाच्या माथी दोष मारला की त्याचे दुःख रास्त ठरते, करुणा आटते आणि शोकात्मिकेची बोधकथा होते. आमचा आक्षेप आहे तो यालाच. हमार्तिया म्हणजे निव्वळ अपघात, असेही आम्ही म्हणत नाही. नीतिशास्त्रावरील ग्रंथात ॲरिस्टॉटलने दुर्दैव, चूक आणि अन्याय यांत भेद केला आहे. चुकीत दुष्ट हेतू नसतो, पण हात कर्त्याचाच असतो. पुढे ग्रीक नव्या करारात हाच शब्द 'पाप' या अर्थी रूढ झाला. युरोपीय वाचनावर त्या अर्थाची सावली पडली असावी, आणि आपण ती सावलीच आयात केली.

वास्तविक मराठीत नेम चुकतो, वाट चुकते, हिशेब चुकतो आणि माणूसही चुकतो. 'चूक' हा शब्द समीक्षेला फार घरगुती वाटला असेल. संस्कृतातील 'अपराध'ही मुळात असाच: ज्याचा बाण लक्ष्यावरून ढळतो, त्या धनुर्धराला अमरकोश 'अपराद्धपृषत्क' म्हणतो. पृषत्क म्हणजे बाण. आज तो शब्द आपल्याला ऐकू येतो तो कोर्टातच.