दिवा नवा, तारा जुन्या

५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र शासनाने एलईडी बल्ब घरोघरी पोहोचविण्याची योजना सुरू केली. पुढे ती ‘उजाला’ या नावाने ओळखली गेली. बाजारात तीन-साडेतीनशे रुपयांना मिळणारा बल्ब ७० रुपयांच्या आसपास मिळू लागला आणि देशभरात ३६ कोटींहून अधिक बल्बांचे वाटप झाले. ६० वॅटचा जुना बल्ब रोज ५ तास जळला तर महिन्याला ९ युनिटे खर्ची पडत. तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दीड युनिटाच्या आत भागवितो. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील सामान्य कुटुंबांच्या वीजबिलात या फरकाला मोठा अर्थ आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत ज्या मराठवाड्याने भारनियमनाच्या दीर्घ रात्री काढल्या, त्याला वाचलेल्या विजेचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

या बदलाचे स्वागतच केले पाहिजे. परंतु दिवा जितक्या सहजपणे बदलला, तितक्या सहजपणे घर बदललेले नाही. भिंतीवरच्या तारा, पितळी होल्डर, बटणांची पाटी आणि त्यांविषयीची आपली समजूत या साऱ्या गोष्टी जुन्याच राहिल्या आहेत. जुना बल्ब म्हणजे काचेत कोंडलेली एक तापलेली तार होती. विजेचा दाब कमी झाला की ती मंद होई आणि वाढला की तळपे. जोडणीतील चुकाही ती मुकाट्याने सोसून घेई. एलईडीचे तसे नाही. त्याला कमी दाबाचा, एकाच दिशेने वाहणारा प्रवाह लागतो. म्हणून प्रत्येक बल्बच्या बुडाशी २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे रूपांतर करणारे एक छोटे यंत्र बसविलेले असते. दिवा आता निव्वळ दिवा राहिलेला नसून ते एक नाजूक उपकरण झाले आहे, आणि हे उपकरण घरातील दोष उघड करू लागले आहे.

त्यांतील सर्वांत बोलका दोष म्हणजे बटण बंद केल्यावरही मिणमिणत राहणारा दिवा. अनेक घरांत हा प्रकार कुतूहलाचा विषय होतो. बल्बच खराब आहे असे समजून तो बदलला जातो, किंवा रात्री बरा उजेड मिळतो म्हणून लोक समाधान मानतात. काही वेळा कारण निरुपद्रवी असते. बटणातील लहान निऑन दिव्यातून किंवा शेजारून गेलेल्या लांब तारेमुळे अत्यल्प प्रवाह दिव्यापर्यंत पोहोचतो आणि एलईडीला तेवढाही पुरतो. परंतु दुसरे कारण गंभीर आहे. बटण फेजच्या तारेवर बसविण्याऐवजी न्यूट्रलवर बसविलेले असेल, तर बटण बंद केल्याने दिवा विझतो. होल्डरमधली वीज मात्र तशीच राहते. बटण बंद आहे या भरवशावर स्टुलावर चढून बल्ब काढणाऱ्याचा हात होल्डरच्या पिनेला लागला, तर तो भरवसा जिवावर बेततो. जुना बल्ब ही चूक वर्षानुवर्षे झाकून ठेवीत असे. नवा बल्ब मिणमिणून तिची सूचना देतो. ती सूचना वाचता आली पाहिजे.

न्यूट्रलवर एकटे बटण असू नये, हा दंडक भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्येच होता आणि नंतरच्या नियमावल्यांनीही तो कायम ठेवला. मात्र मूळ जोडणी बिनचूक असलेल्या घरातही ही चूक मागाहून शिरू शकते. वादळी पावसात तुटलेली सर्व्हिस वायर पुन्हा जोडताना फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झाली, तर एका क्षणात त्या घरातील सगळी बटणे चुकीच्या तारेवर येतात. घरच्यांना त्याचा पत्ताही लागत नाही, कारण दिवे पूर्वीसारखेच लागतात आणि विझतात.

दुसरा प्रश्न पुरवठ्याचा आहे. कृषिपंप एकाच वेळी चालू झाले की दाब खाली येतो, ते थांबले की वर जातो. थ्री फेज पुरवठ्यातील न्यूट्रल तुटला तर काही घरांत दाब ४०० व्होल्टच्या दिशेने चढतो आणि दिव्यांसह पंखा, टीव्ही, फ्रीज सारेच जळून जाते. बल्बच्या बुडातील कपॅसिटर उष्णतेने आणि अशा धक्क्यांनी लवकर निकामी होतात; मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या बंद शेडमध्ये तर अधिकच. स्वस्ताच्या मोहाने घेतलेल्या बिननावाच्या बल्बांत दाबापासून संरक्षण जवळजवळ नसते. भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहिल्यावाचून बल्ब घेणे म्हणजे दहा-वीस रुपये वाचवून वर्षात दोन बल्ब फेकणे होय.

तिसरा प्रश्न प्रकाश मंद करण्याचा. कंदिलाची वात खाली सारणाऱ्या पिढीला मंद प्रकाशाचे महत्त्व ठाऊक होते. पुढे ‘झिरोचा बल्ब’ आला. नाव शून्याचे असले तरी तो साधारण १५ वॅट वीज घेई, म्हणजे आज अख्खी खोली उजळणाऱ्या दिव्यापेक्षा जास्त. आता हौसेने डिमर बसविले जातात. जुन्या पद्धतीचा डिमर विजेच्या प्रत्येक लहरीचा काही भाग कापून टाकतो. तापलेल्या तारेला ते चालत असे. साध्या एलईडीला मात्र ते सोसत नाही. तो लुकलुकतो, गुणगुणतो आणि अकाली संपतो. वेष्टनावर ‘डिमेबल’ असे स्पष्ट लिहिले असेल तरच तो डिमरवर लावावा. नाही तर एका मोठ्या दिव्याऐवजी दोन लहान दिवे दोन स्वतंत्र बटणांवर घेणे हा त्याहून स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे.

या साऱ्याचा सर्वाधिक संबंध विद्यार्थ्यांशी येतो. ‘लातूर पॅटर्न’ने ख्याती मिळविलेल्या लातुरात आणि शिकवणीवर्गांनी गजबजलेल्या नांदेडात बाहेरगावची हजारो मुलेमुली भाड्याच्या खोल्यांत राहून उत्तररात्रीपर्यंत अभ्यास करतात. एका खोलीच्या दोन खोल्या करताना तारा जोडून लांबविल्या जातात, एकाच पॉइंटवर दिवा, पंखा, चार्जर आणि पाणी तापविण्याचा रॉडही चालतो. ज्या दिव्याखाली भविष्य घडवायचे, तो लुकलुकणारा असेल तर डोळ्यांना शीण आणि डोकेदुखी ठरलेली. त्याची परीक्षा सोपी आहे. दिव्याखाली पेन्सिल झपाट्याने हलविली असता तिच्या सुट्यासुट्या प्रतिमा दिसल्या, किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यात काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा अभ्यासाला योग्य नाही. विज्ञानाच्या शिक्षकाला हा प्रयोग वर्गात पाच मिनिटांत दाखविता येईल.

उपाय अवघड नाहीत. सर्व्हिस वायर पुन्हा जोडल्यावर फेज-न्यूट्रलची तपासणी करूनच काम पूर्ण झाल्याचे मानावे, असा शिरस्ता महावितरणने कटाक्षाने पाळावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वीजतंत्री व तारतंत्री शाखांच्या विद्यार्थ्यांकडून, त्यांच्या निदेशकांच्या देखरेखीखाली, एकेका गावाची घरे तपासून घेता येतील. त्यात मुलांचे शिक्षणही होईल आणि गावाचे कामही. खोल्या भाड्याने देणाऱ्यांना अर्थिंग आणि गळती होताच पुरवठा तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण यांची सक्ती दोन्ही शहरांच्या महानगरपालिकांनी करावी. घरच्या माणसांनी एवढे तरी पाळावे की बल्ब बदलताना मेन स्विच बंद करावा, आणि विझवूनही मिणमिणणारा दिवा दिसला तर परवानाधारक वायरमनला बोलवावे.

शासनाने दिवा स्वस्त केला, हे मोठेच काम झाले. परंतु ७० रुपयांचा दिवा देऊन शासनाची जबाबदारी संपत नाही आणि तो घेऊन नागरिकाचीही संपत नाही. होल्डरपर्यंत येणारी तार निर्धोक असेल, तेव्हाच त्या उजेडात निर्धास्तपणे बसता येईल.