मऊ दांड्याची जामीनकी

साप्ताहिक सदर : कानस आणि व्हर्नियर

गेल्या रविवारी पन्हाळ्याच्या उतारावर जांभ्याच्या दोन धोंड्यांच्या बेचक्यात माझ्या एक-दशांश प्रमाणाच्या क्रॉलर ट्रकचे मागील उजवे चाक असे काही रुतले की, मोटर आपल्या परीने ओढत असतानाच एक्सलच्या पोटातून सुपारी फुटल्यासारखा आवाज झाला आणि मागील दोन्ही चाके एकदम निश्चेष्ट झाली. घरी आणून हौसिंग उघडले तेव्हा क्राऊन गिअरचे तीन दात वंगणात पडलेले दिसले, आणि ज्याच्या दुर्बलतेची मला सदैव धास्ती वाटे, तो मी स्वहस्ते घडविलेला मागचा दांडा मात्र तसूभरही वाकलेला नव्हता.

हा दांडा सिल्व्हर स्टीलचा असून, त्याला गॅसच्या ज्योतीवर लाल करून पाणी दिले होते व मग निळसर छटा येईपर्यंत पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणाही घालविला होता. म्हणजे कारागिरीत कसूर अशी नव्हती. कसूर होती ती विचारात. या छंदातील बहुतेक मंडळी 'अधिक कडक' म्हणजेच 'अधिक चांगले' असे गृहीत धरून चालतात, आणि मीही त्याच पंथाचा होतो. उद्यमनगरातील ज्या टर्नरकडे मी अडल्यानडल्या वेळी जातो, त्याने मात्र तो दांडा बोटांत फिरवून एवढाच फैसला दिला, "कडक केलासा, म्हणून दातांवर आलं बघा. मऊ ठेवला असता तर ह्योच पिळला असता."

मामला असा आहे. मोटारगाडीतील डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर वाटून देतो, आणि म्हणूनच एक चाक अधांतरी झाले की ते नुसते फिरत राहते व जमिनीवरचे चाक स्वस्थ बसते. दगडांवर चढणाऱ्या गाडीला हे परवडत नाही. सबब क्रॉलरवाले आतले गिअर पेट्रोलने स्वच्छ धुऊन त्यांत एम-सील ठासतात किंवा तयार लॉकर बसवितात, आणि दोन्ही दांडे एकजीव करून टाकतात. त्याची किंमत अशी की, एक चाक हवेत असताना एक्सलचा सारा पीळ जमिनीवरच्या एकट्या दांड्याला सोसावा लागतो. तो कुठेतरी बाहेर पडणारच. आता क्राऊन-पिनियनची जोडी घरी होत नाही, ती विकत आणावी लागते व तिची वाट पाहण्यात आठवडे जातात. उलट दांडा ही तासाभराची आणि हातभर ब्राइट बारच्या किमतीची वस्तू. तेव्हा महाग वस्तूला स्वस्त वस्तूने जामीन राहावे, हीच शहाणपणाची तजवीज नव्हे काय?

माझी नवी रीत आता सांगतो. साध्या एमएसचा 5 मिमी जाडीचा ब्राइट बार घ्यावा. तो बहुधा मापाहून किंचित सडपातळच असतो, त्यामुळे 5×10×4 चे बेअरिंग अंगठ्याच्या दाबाने त्यावर सरकते. हातोडीने ठोकून बसविण्याच्या मोहात पडू नये, कारण तेवढ्याने बेअरिंगच्या आतील मार्गावर खळगे पडतात. लेथ नसल्यास ड्रिल मशीन शेगड्यात आवळून, बार त्यात धरून, बारीक कानस व पॉलिश पेपर यांनी मधला भाग 4.5 मिमीपर्यंत उतरवावा. अर्ध्या मिलिमीटरने काय होणार, असे वाटेल. परंतु पिळाला तोंड देण्याची दांड्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते, आणि 4.5 चा घन 5 च्या घनापेक्षा सुमारे 27 टक्क्यांनी कमी भरतो. कमरेत बारीक झालेला दांडा कमरेतच पिळतो, चाकाकडील 2 मिमीच्या पिनेच्या भोकाशी तुटत नाही. मात्र जाड भाग जिथे बारीक होतो तिथे काटकोनी खाच ठेवू नये, गोल कानशीने तो उतार सौम्य करावा. तुटण्याचा आरंभ अशाच कोपऱ्यांत होतो. पिनेचे भोक मात्र मी टर्नरकडूनच पाडून घेतो, कारण ते केंद्रापासून सरले तर सगळी मेहनत फुकट. आणखी एक : पुष्कळ नमुन्यांत डावा व उजवा दांडा यांची लांबी निरनिराळी असते, म्हणून जुने दोन्ही मोजल्यावाचून कापू नये. (मी कापला होता.)

ज्यांच्याकडे पोर्टल एक्सल आहेत, म्हणजे युनिमॉग ट्रकप्रमाणे चाकाशीच उतरणीचे गिअर असलेले, जसे ट्रॅक्सासने 2017 साली टीआरएक्स-4 मध्ये दिले, त्यांना हा उपद्व्याप करण्याचे विशेष कारण नाही. तिथे जोर शेवटच्या पायरीवर वाढतो आणि दांड्यावर भार हलकाच येतो. माझी गाडी त्याआधीच्या साध्या पिढीतली.

आज सकाळी नवा दांडा बसविताना त्याच्या लांबीभर मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवली. संध्याकाळी रंकाळ्याच्या काठच्या दगडांवर तासभर गाडी हाकून दांडा बाहेर काढला, तेव्हा ती रेघ कमरेपाशी वेलीसारखी किंचित कलली होती. क्राऊनचे दात मोजले. सगळे जागच्या जागी होते. उरलेल्या बारातून दुसरा दांडा कापून मी शेगड्यापाशी ठेवला आहे.

— एक हौशी कानसवाला