नकाशातील रंग आणि दुकानदाराची उधारी

वडवणी १९९९ साली तालुक्याचे गाव झाले. पुढे तेथील ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. गावाचे असे नगर झाले की महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास आराखड्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर येते. निवास कोठे, व्यापार कोठे, कोणता रस्ता रुंद व्हावयाचा, हे नकाशातील रंगांनी ठरते. आराखड्याची आवश्यकता कोणी नाकारणार नाही. प्रश्न एवढाच, की रंग बदलल्यावर ज्याला उठावे लागते त्याची नोंद कोठे होते?

प्रथम विद्यमान भूवापराचा नकाशा तयार होतो. त्यात जागेचा वापर दिसतो, वापरणारा दिसत नाही. पट्टा व्यापारी ठरला तर वाढलेली किंमत मालकाची. अकरा महिन्यांच्या करारावर बसलेला शिंपी किंवा पंक्चर काढणारा मात्र नवे भाडे न परवडून गावाबाहेर सरकतो. हरकतींची मुदत राजपत्रात प्रसिद्ध होते. राजपत्र वाचून दुकान उघडणारा शिंपी विरळाच.

नुकसान केवळ भाड्याचे नसते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि हंगाम संपल्यावर परततात. किराणा, कापड यांची उधारी तोवर खात्यावर राहते. ती वसूल होते, कारण दुकान येण्याजाण्याच्या वाटेवर, ओळखीच्या जागी असते. अर्थशास्त्र भांडवलाला चल मानते. या दुकानदाराच्या भांडवलाचा मोठा भाग त्या कोपऱ्याला चिकटलेला असतो.

मुंबईचा कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार १९८१ मध्ये वाशीला गेला, तेव्हा व्यापाऱ्यांसाठी तेथे बाजार आवार उभारले होते. ते संघटित होते. पथविक्रेत्यांसाठीही २०१४ चा कायदा आहे: स्थलांतरापूर्वी तीस दिवसांची नोटीस आणि नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के प्रतिनिधित्व. अंमलबजावणी कशी होते हे सर्वश्रुत आहे. तरीही हातगाडीवाल्याला कागदावर जे संरक्षण आहे, ते डोक्यावर छप्पर असलेल्या भाडेकरू दुकानदाराला नसावे, ही विसंगती चमत्कारिक आहे.

भूवापराच्या पाहणीतच चालू व्यवसायांची व भाडेकरूंची यादी करणे नगरपंचायतींना अशक्य नाही. पर्यायी गाळे आधी बांधावेत. आणि दुकाने हलवायचीच असतील, तर मजूर परतून वसुली झाल्यावर हलवावीत.